पिर्ग्यापर्यंत

“नुसतं जायचंय, की जाऊन यायचंय?” तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं आणि मी गडबडलो. प्रश्न अगदी साधा होता. तो माणूस सकाळपासून येईल त्याला हेच विचारत असणार. त्यात खोचकपणा नव्हता. उलट तो एका हातानं फूटपट्टी कॉलरमधून आत घालून पाठ खाजवत होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या सुखात होतं. पण मला वाटलं, आमच्या घरच्यांनी याला आधीच गाठून पढवून ठेवलंय. मी म्हणालो, “कुठं?” तो म्हणाला, “ते तुम्ही सांगायचं, साहेब.” मी गावाचं नाव सांगितलं. “हां, म्हणजे थेट समुद्रापर्यंत. जायचंच, की परतीचंही?” माझ्या मागच्या बाईंनी घसा खाकरला. त्यांच्या मागच्यानं “काका, घरून ठरवून यायचं ना,” असं अगदी आपुलकीनं सुचवलं. मी खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला, “सुटे नाहीत” असं कुणी न विचारलेलं काहीतरी पुटपुटलो आणि रांगेतून काढता पाय घेतला. बाहेर लख्ख ऊन होतं. मला भलतंच हलकं वाटलं, आणि मग त्या हलकं वाटण्याचीच धास्ती बसली.

शनिवारी सकाळी मला मास्तरांबरोबर निघायचं होतं. मास्तर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी तंबू आणि ताडपत्र्या शिवायला शिकलो आणि ज्यांच्या समोर, मशीनच्या पलीकडच्या बाजूला, माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. जाड कापड एकट्यानं शिवता येत नाही. पुढचा माणूस ते सुईखाली सारतो, मागचा पलीकडून घेतो. मास्तर पुढचे, मी मागचा. मागच्यानं कापड ओढायचं नसतं, ओढलं की सुई मोडते. नुसतं घ्यायचं, येईल तसं, येईल तेवढं. ऐकायला सोपं वाटतं, पण ते जमेपर्यंत माझी उमेदीची वर्षं गेली आणि मास्तरांच्या असंख्य सुया. आता मास्तर थकलेत. म्हणजे त्यांचे डोळे थकलेत, गुडघे थकलेत, ते स्वतः काही थकायला तयार नाहीत. या वयात ते समुद्राकाठच्या एका लांबच्या गावी निघाले होते. तिथं आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, चार-दोन कुटुंबं आहेत, ख्रिस्ती म्हणून त्यांची तीच काय ती वस्ती. रविवारी त्यांना शास्त्र वाचून समजावणारं कुणी नाही आणि हाताला धड कामही नाही. मास्तर त्यांना दोन्ही देणार होते, आठवडाभर शिवण आणि रविवारी वचन. बायबलमधल्या पौलानं तरी दुसरं काय केलं, असं ते म्हणतात. पौल ख्रिस्ताचा निरोप घेऊन देशोदेशी फिरला, तुरुंगात बसला, फुटलेल्या जहाजातून वाचला हे सगळ्यांना पाठ असतं. तो तंबू शिवून पोट भरायचा, हे आमच्यासारख्यांच्याच लक्षात राहतं. मास्तर तर त्याच्याविषयी असे बोलतात, की जणू तो मागच्या गल्लीतल्या कारखान्यात कामाला होता, माणूस फार मोठा होता, पण शिवण जरा तिरकी जायची.

बसस्थानकापासून मी पायीच निघालो. घाई नव्हती. या रस्त्यावरच्या दुकानांपुढची कापडी छतं बहुतेक आम्हीच शिवलेली आहेत. औषधांच्या दुकानाचं हिरवं आहे. त्याच्याखाली उभा राहिलेला धडधाकट माणूसही थोडा आजारी दिसतो, त्यामुळे दुकानदार आमच्यावर खूश असतो. चष्मेवाल्याचं पट्ट्यापट्ट्यांचं आहे. बेकरीचं नारिंगी, पाव शिळा असला तरी त्या उजेडात ताजा वाटतो. एका छताखालून दुसऱ्याखाली जाताना मधे हातभर ऊन लागतं, पुन्हा सावली येते, आणि प्रत्येक सावलीला आपापला वास असतो. तापलेल्या कापडाचा वास तर मला डोळे मिटून ओळखता येतो. या रस्त्यावर माझ्या परवानगीशिवाय ऊन पडत नाही, असं मी एकदा बायकोला ऐटीत म्हणालो होतो. ती म्हणाली, “मग आपल्या स्वयंपाकघरात दुपारी पडतं त्याचंही बघा काहीतरी.” ते अजून व्हायचं आहे. केस कापणाऱ्यानं दुकानातून कात्री हलवून मला थांबवलं. “अजून गेला नाहीत?” म्हणाला. “शनिवारी,” मी म्हणालो. “आणि येणार कधी?” त्यानं इतक्या निर्मळ चेहऱ्यानं विचारलं, की रागवायचीही सोय नव्हती. त्याच्या खुर्चीतलं अर्धवट कापलेलं डोकंसुद्धा आरशातून माझ्याकडे बघून हसलं.

मी घरकोंबडा आहे, हे या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक आहे. लग्नानंतर आम्ही फिरायला गेलो होतो, ते ठरल्याच्या आधीच परतलो, कारण मला तिथल्या उशीवर झोप येईना. बायको अजून तिथली पाहायची राहिलेली टेकडी उकरून काढते, जेवताना, पाहुण्यांसमोर. त्याही आधी, तरुण होतो तेव्हा, एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं मला बोलावलं होतं. मी गेलो, बसमधून उतरलो, स्थानकावर चहा घेतला, समोरच्या उंच इमारतींकडे बघितलं आणि त्याच बसनं परत आलो. कंडक्टरनं ओळखलं. “काही विसरलात का?” म्हणाला. मी म्हणालो, “हो.” तेव्हापासून माझा मेहुणा, कुणी बाहेरगावी निघालं की, “चहा पिऊन येतोस ना?” असं विचारतो आणि मग माझ्याकडे बघतो. तर असा मी मास्तरांबरोबर परमुलखी जाणार, ही बातमी फुटल्यापासून घरात जो आनंदीआनंद चालला आहे तो सांगता येत नाही. मुलगी रोज सकाळी कॉलेजला जाताना “बाबा, सोमवारी भेटूच” म्हणते, म्हणजे शनिवारी जाऊन रविवारी रात्री मी माघारी, असा तिचा हिशेब. बायकोनं तर माझा स्वेटर पेटीतून काढलेलाही नाही. “तिकडे समुद्र आहे, थंडी कुठली,” म्हणते. पण मला कळतं. उगाच घडी मोडायची कशाला, असं तिला वाटतंय.

खरं म्हणजे मी जातो असं म्हणालोच नव्हतो. गोष्ट अशी झाली, की त्या समुद्राकाठच्या गावचा एक माणूस आमच्याकडे आला. पौलाला म्हणे असाच एक माणूस स्वप्नात दिसला होता, पलीकडच्या काठावर उभा राहून, इकडे या, मदत करा, म्हणत होता. आमचा माणूस स्वप्नात बसणाऱ्यातला नव्हता. तो दणकट होता, हातात छत्री घेऊन आला, पाळकसाहेबांकडे एकदा जेवला आणि मास्तरांकडे पुन्हा जेवला. रविवारी उपासना झाल्यावर त्यानं उभं राहून त्यांची अडचण सांगितली, आणि त्याचं संपायच्या आत मास्तर उठले. “मी जातो,” म्हणाले. मग मास्तर बोलायला लागले, आणि बोलताना त्यांचे हात आपोआप पुढे आले, दोन्ही मुठी थोड्या मिटलेल्या, हातांमध्ये कापडाची रुंदी. “पण एकट्याचं हे काम नाही. कोण येतं माझ्याबरोबर?” मी तिसऱ्या बाकावर होतो. मास्तरांचे हात तसे पुढे आलेले मी आयुष्यभर बघत आलो, आणि ते तसे आले की माझे हात उठतात, त्यात माझा काही संबंध नसतो. मी उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे केले, दुसरं टोक घ्यायला. टोक नव्हतंच. टाळ्या मात्र पडल्या. छत्रीवाल्यानं येऊन मिठी मारली. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं आमच्यासाठी प्रार्थना केली, “प्रभू, यांच्या जाण्यात आणि येण्यात यांना सांभाळ,” आणि ‘येण्यात’ या शब्दाला मागच्या बाकांवर खसखस पिकली. माझी बायको तोंडाला पदर लावून थरथरत होती. लोकांना वाटलं, रडते आहे.

आता कुणाला सांगू, की ती चूक झाली? हात जरा चुकून उठले, मनातून उठले नव्हते, असं भर मंडळीत उभं राहून कसं म्हणायचं? आणि खोल मनात अशीही एक शंका चुळबुळ करत होती, की कदाचित माझ्या मनापेक्षा माझ्या हातांनाच जास्त कळत असेल. पेत्र, आंद्रिया, येशूचे ते सगळे शिष्य जाळी तिथंच टाकून उठून गेले, असं आपण वाचतो. त्यांनी तरी काय विचार केला असेल? त्यांना हाक आली आणि पाय चालायला लागले. मन नंतर धापा टाकत मागून आलं असणार. पण ते मासेमार होते, रोज पाण्यावर जाणारे. घरकोंबड्यांची गोष्ट वेगळी.

घरकोंबड्यांचा माणूस पौलाच्या त्या सगळ्या प्रवासांत एकच आहे, आणि तो मला लहानपणीच सापडला होता. रविवारच्या शाळेत माझी आत्या शिकवायची. तिनं भिंतीवर नकाशा लावून पौलाची पहिली वाट दाखवली. अंत्युखियाहून निघाले, बर्णबा आणि पौल, आणि त्यांच्याबरोबर मदतीला बर्णबाचा नातलग, कोवळा मार्क. समुद्र ओलांडून कुप्र बेटावर, ते बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, मग पुन्हा जहाज, आणि मग पिर्गा नावाचं गाव. पुढे उंच डोंगर, चोरांची वाट. तिथं मार्क त्यांना सोडून घरी परत गेला. का गेला, ते काही लिहिलेलं नाही. एका ओळीत उरकलंय. वर्गातल्या बाकीच्या पोरांनी, आम्ही असतो तर पौलाबरोबर गेलो असतो, असं छाती काढून सांगितलं. मी हात वर केला आणि विचारलं, “आत्या, तो घरी गेल्यावर काय जेवला?” पोरं फिदीफिदी हसली. आत्या नाही हसली. तिनं खरंच विचार केला. “त्याची आई यरुशलेमात मोठ्या घरात राहायची,” म्हणाली, “सगळे तिच्याकडे प्रार्थनेला जमायचे. म्हणजे स्वयंपाक नेहमीच जास्तीचा असणार. पोटभर जेवला असेल.” मला इतकं बरं वाटलं, की तो डोळ्यांपुढे अजून दिसतो, धुळीनं भरलेले पाय धुतोय, आई विचारत काहीच नाही, नुसती वाढते आहे. पण पुढच्या रविवारी आत्यानं बाकीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ. पौल म्हणाला, अर्ध्या वाटेत सोडून गेला तो, नको. दोघांची चांगलीच जुंपली, इतकी की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ते मला फार लागलं. तो जेवत होता तेव्हा त्याला माहीतही नव्हतं, की आपल्यावरून असं भांडण होणार आहे.

कारखान्यात आलो तेव्हा बायको ताडपत्रीच्या काठाला पितळी कड्या ठोकत होती. ती आमच्याकडे कड्यांचं काम बघते. तिचा हातोडा एकदा पडतो, दुसऱ्यांदा पडावा लागत नाही. “काढलं तिकीट?” तिनं मान वर न करता विचारलं. “गर्दी होती,” मी म्हणालो. “हो का,” ती म्हणाली आणि हातोडा पडला. त्या ‘हो का’मध्ये पंचवीस वर्षांचा संसार होता. मग तिनं हातोडा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “अहो, जायचं नसेल तर सरळ सांगून टाका मास्तरांना. ते काही खाणार नाहीत तुम्हाला. पण सांगायचं तर आजच सांगा. म्हाताऱ्या माणसाला शनिवारी बसपाशी उभं करू नका.” मी म्हणालो, “आणि गेलो तर?” ती म्हणाली, “गेलात आणि पोरीची परीक्षा होईपर्यंत तिथं टिकलात, तर आम्ही दोघी येतो. कड्या काय, तिथंही ठोकता येतात.” आणि मग मला टोमणा मारल्याशिवाय तिला राहवेना, “पण मी बांधाबांध सुरू केलेली नाही हं.”

मास्तरांचं मशीन त्यांनी कालच घरी नेलं होतं. ते जिथं असायचं तिथं फरशीवर चार काळपट डाग होते. मी माझ्या बाजूला, म्हणजे मागच्या बाजूला, जरा वेळ उभा राहिलो. याच जागेवर आम्ही तो तंबू शिवला होता. प्रदर्शनवाल्यांना चारी बाजूंनी बंद आणि खालून जमीन जोडलेला तंबू हवा होता. कापड इतकं जड झालं, की ते मशीनकडे नेण्याऐवजी आम्ही मशीनच कापडातून सरकवत नेऊ लागलो. मास्तर आतून सारत होते, मी बाहेरून घेत होतो. दारासाठी जागा कोण सोडणार, हे मला वाटलं मास्तर बघतील, त्यांना वाटलं मी बघतोय. शेवटची शिवण संपली, दोरा तुटला, आणि आतून मास्तरांचा शांत आवाज आला, “झालं का?” मी म्हणालो, “झालं, मास्तर.” मग, “आता मी कुठून येऊ?” मास्तर आणि मशीन दोघंही आत, दार नाहीच. मी तंबूभोवती नुसता फिरत राहिलो. मास्तरांनी मात्र आत बसून भजन म्हणायला सुरुवात केली, कडवं झालं की एकटेच हसायचे, आणि तंबूचं कापड त्यांच्या हसण्यानं हलायचं. बायको चहा घेऊन आली ती कप तसेच हातात धरून उभी राहिली. “मास्तर,” तिनं कापडाला तोंड लावून विचारलं, “असं स्वतःला शिवून घ्यावं, असं शास्त्रात कुठं लिहिलंय?” आतून उत्तर आलं, “योना नाही का बसला माशाच्या पोटात? त्याला चहा तरी कुठं होता?” तिनंच मग कात्रीनं हातभर शिवण उसवली. मास्तर बाहेर आले ते घामानं निथळत, आणि तोंड असं फुललेलं, की जणू कुठून तरी लांबून चांगली बातमी घेऊन आलेत. तो चेहरा आठवला आणि मला एकदम जाणवलं, की शनिवारनंतर हा चेहरा मला दिसणार नाही. मी त्यांच्याबरोबर जायला भीत होतो हे खरं. पण त्यांच्याशिवाय इथं राहायचं म्हणजे कसं राहायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

तरी पाय त्यांच्या खोलीकडे वळले ते नाही म्हणायलाच. वाटेनं मी कारणं जुळवत होतो. एक, बायकोचा रक्तदाब. दोन, पोरीची परीक्षा. तीन, माझी कंबर. तिन्ही खरी होती आणि तिन्ही माझ्या तोंडात खोटी लागत होती. मास्तर एकटेच राहतात, लाँड्रीच्या मागच्या खोलीत, तिथं कायम गरम इस्त्रीचा वास असतो. दार उघडंच होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी मशीन सुटं करून ठेवलं होतं आणि एकेक भाग तेलाच्या फडक्यानं पुसून जुन्या बनियनमध्ये गुंडाळत होते. “ये. हे धर,” म्हणाले आणि माझ्या हातात एक चाक दिलं. मी पुसायला लागलो. “मास्तर, हिचा रक्तदाब जरा—” मी म्हणालो. “हो, काळजी घ्यायला हवी,” ते म्हणाले आणि स्क्रू दिले. “आणि पोरीची परीक्षा.” “हुशार आहे पोरगी,” ते म्हणाले आणि पट्टा दिला. कंबरेचं सांगायला गेलो तर कंबर वाकवून मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो होतो, त्यामुळे ते कारण आपोआप बाद झालं. शेवटी चाक खाली ठेवून म्हणालो, “मास्तर, मी येत नाही.”

त्यांनी हातातलं फडकं थांबवलं नाही. “कुठपर्यंत येत नाहीस?” म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे अगदी दारापासूनच येत नाहीस, की मधून कुठून तरी?”

ते फडकं झटकून म्हणाले, “तुझा तो मार्क. लहान होतास तेव्हा तू आत्याला काय विचारलंस ते मला तिनंच सांगितलं होतं, आम्ही पोट धरून हसलो होतो. सगळे म्हणतात, तो पिर्ग्याहून परत गेला. बरं, गेला. पण पिर्ग्यापर्यंत आला ना? अख्खं कुप्र बेट चालला. त्या वाटेवर सामान कुणी उचललं असेल? पाणी कुणी आणलं असेल? त्यानं उचललं तेवढं ओझं त्या दोघांना उचलावं लागलं नाही. हे कुणी धरतच नाही.” मग ते माझ्याकडे बघून हसले, लहान मुलानं काहीतरी कबूल करताना हसावं तसे. “मला एकट्याला भीती वाटते रे. समुद्र बघितलेला नाही मी. तिथली माणसं कशी आहेत माहीत नाही. त्या दिवशी उठून जातो म्हणालो, आणि बसलो तर गुडघे लटपटत होते. तू हात पुढे केलेस तेव्हा ते थांबले. चुकून केलेस, मला दिसलं ना. मी काय तुझे हात ओळखत नाही? तर तू असं कर. पिर्ग्यापर्यंत ये. घाटाच्या अलीकडे बस थांबते, लोक चहा पितात, तिथून परतीच्या गाड्या मिळतात. ते आपलं पिर्गा. पुढचं मी बघतो.”

इतकी वर्षं मला वाटायचं, शिष्य म्हणजे ज्याचा गुरूवर विश्वास असतो तो. तो माझा होता, त्याला काही कष्ट पडत नव्हते. पण गुरूचा आपल्यावर, आपण कसे आहोत ते पुरतं माहीत असून, तरी विश्वास, हे भलतंच जड निघालं. ते घेऊन उठता येईना. मी मान खाली घालून ते चाक परत पुसायला लागलो, पुसलेलंच. “तिथपर्यंत यायला काय,” मी म्हणालो, आणि आवाज जरा चिडकाच निघाला.

तर मी अर्ध्या वाटेचं तिकीट काढलं. घरात हे ऐकून कुणी हसलं नाही, ते मला हसण्यापेक्षा लागलं. बायकोनं शनिवारी सकाळी स्वेटर माझ्या पिशवीत घातला आणि मी बघतोय हे बघून पुन्हा वर डबा ठेवून तो झाकला. मंडळीतले पुष्कळ जण बसपाशी आले होते. हमालांनी मशीनचं खोकं आणि कापडाचे गठ्ठे टपावर चढवले, वरून ताडपत्री टाकली, मास्तरांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि बस सुटली. वाटेत मास्तर खिडकीशी बसून शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे दिसेल ते मला दाखवत होते, पूल, गुरं, वीटभट्टी, एक पिवळा ट्रक. ट्रकवरची ताडपत्री आमची होती. “बघ, आपण आधीच पोचलोय इथं,” म्हणाले. मी हो हो म्हणत होतो आणि घाट यायला किती वेळ आहे ते मनात मोजत होतो. मग शेतं संपली, डोंगर जवळ आले, निळे होते ते काळे झाले, आणि बस थांबली.

सगळे उतरले. मीही उतरलो, नेहमीसारखा, हात हलवत. मास्तर उतरले नाहीत. त्यांनी खिडकीतून माझी पिशवी माझ्या हातात दिली. “हं. आलं पिर्गा,” म्हणाले. हसत होते आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायचाही त्यांनी काही खटाटोप केला नाही. “नीट जा. घरी सांग, मी मजेत आहे.” शब्दाला जागले. एक शब्द जास्त बोलले नाहीत. चहाच्या टपरीच्या पलीकडे परतीची बस तोंड फिरवून उभी होती, इंजिन चालू होतं, कंडक्टर दारात उभा राहून माझ्या शहराचं नाव ओरडत होता, आणि ते नाव त्याच्या तोंडी इतकं गोड लागत होतं, की माझे पाय त्या बाजूला वळलेसुद्धा. मला वाटलं, मार्कचं असंच झालं असेल. ठरवलं वगैरे काही नसेल त्यानं. बंदरात जहाज उभं असेल, बस. आणि आता मला कळलं, ते एका ओळीत का उरकलंय. ते एका ओळीएवढंच असतं.

पण डोंगरावरून वारा येत होता, आणि आमच्या बसच्या टपावर ताडपत्रीचा एक कोपरा फडफडत होता. मी बघितलं. हमालानं सरकगाठ मारली होती. सपाट रस्त्यावर ती टिकते, चढाला लागलं आणि खोकी मागे सरकली की सुटते, आणि एकदा सुटली की सगळं कापड हवेत जातं, मशीन उघडं पडतं. कुणाच्या लक्षात येणार? मास्तरांना आता इतक्या लांबचं दिसत नाही. मला राग आला. हमालाचा आला, वाऱ्याचा आला, मग त्या पलीकडच्या कंडक्टरचा आला, उगाच काय ओरडतोय, आणि मी पिशवी खांद्याला अडकवून बसच्या मागची शिडी चढायला लागलो. खालून आमचा कंडक्टर म्हणाला, “अहो काका, कुठं निघालात?” वर तापलेल्या कापडाचा वास होता, थेट आमच्या रस्त्यावरचा. एका बाजूला आम्ही आलो तो रस्ता सरळ, सपाट, उन्हात पांढरा. दुसऱ्या बाजूला तो वळून डोंगरात शिरला होता, पुढचं काही दिसत नव्हतं. भीती होतीच. मी गुडघ्यांवर बसलो. ताडपत्री उचलली, माझी पिशवी मशीनच्या खोक्याला टेकवून आत नीट सरकवली, कोपरा खाली ओढला आणि मग दोरी हातात घेतली. पलीकडची बस निघून गेली, ते आवाजावरून कळलं. बघायला मला हात मोकळे नव्हते.

खाली खिडकीतून मास्तरांचं डोकं बाहेर आलं, उन्हात डोळे बारीक करून वर बघत राहिलं.

“कसून बांध,” ते म्हणाले. “पुढं घाट आहे.”